शाई भरलेली होती

आदरणीय अध्यक्षा स्वेतोझाराबाई, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपल्या वाचनालयाचे चिटणीस राडोय, आणि सकाळची गुलाबतोडणी उरकून आलेल्या गावकऱ्यांनो,

निरोपाला गोड बोलावं अशी रीत आहे. बोलतो. या राडोयला मी शाळेत कविता शिकवल्या. तेव्हा पाठ केलेली ओळ तो आजही चुकत नाही. गावचा छापखाना बंद पडला तेव्हा यानंच वर्गणी गोळा करून वाचनालयात प्रिंटर आणला. "मास्तर, यंत्र आता गावाचं झालं," म्हणाला. मी त्यावर फुलं वाहिली. हसू नका, टाळ्या तुम्हीही वाजवल्या होत्या.

तेव्हापासून गेलेल्या प्रत्येक माणसाचं स्मरणपत्रक त्यावर निघालं. वर फोटो, खाली माझ्या चार ओळी. दारावर, बसथांब्यावर, चिनाराच्या खोडावर. वर्ष झालं की पुन्हा एकदा. गेल्या गुरुवारी माझ्या बायकोला, वेलिकाला जाऊन वर्ष झालं. ओळी तयार होत्या. यंत्र छापेना.

"राडोय, शाई तर भरलेली आहे."

"आहे मास्तर. पण ती आपली नाही."

मग सगळं बाहेर आलं. यंत्र विकत घेतलंच नव्हतं. आपल्या वर्गणीतून हा दरमहा कंपनीला भाडं भरत होता. वर्गणी संपली, भाडं थांबलं, आणि कंपनीनं तिकडे बसल्या बसल्या इंटरनेटवरून इथल्या शाईला कुलूप घातलं. इतके दिवस बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, "तुम्ही फुलं वाहिलीत. मग कसं सांगणार?"

लहानपणी थंडीत आमच्या दौती गोठायच्या. तळहातांत धरून आम्ही त्यांना ऊब द्यायचो. ती शाई सांडायची, सदरे नासवायची, पण उमटायला कुणाची परवानगी मागत नसे. कंपनीवर माझा राग नाही, ती परकीच. पण राडोय, तू?

असो. पत्रक मी हातानंच लिहिलं, एकच. फोटोची प्रत निघेना, म्हणून वेलिकाचा घरातला एकुलता एक फोटो त्यावर चिकटवला. ते या सभागृहाच्या पुढच्या दारावर आहे. आज तू मागच्या दारानं आत आलास, ते पाहिलं मी.

वार्नाला लेकीकडे सुखानं राहा. मंडळी, ऐकून घेतलंत, उपकार झाले. म्हाताऱ्याच्या तोंडून काही अधिकउणं गेलं असेल तर पोटात घाला. चीज भरलेली बानित्सा गरम आहे, खाऊन जा. राडोय, तू मात्र जाताना पुढच्या दारानं जा. आभाळ भरून आलंय. पावसाआधी तिला भेटून घे.