निखिलचे दोन शब्द

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा आमचा रूममेट निखिल आठवतो ना? तिथल्या विद्यापीठात प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. सरावात सगळं बरोबर ऐकूनही लिसनिंगला, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायच्या भागात, शून्य. सूचना होती, दोनपेक्षा जास्त शब्द नकोत, आणि हा पूर्ण वाक्यं लिहायचा. शाळेत इंग्रजी शिकवायला त्याची आईच होती, अर्धवट वाक्याला मार्क द्यायची नाही.

‘‘सवयच मोडतो,’’ म्हणाला. आठवडाभर आमच्याशीही दोनच शब्दांत बोलला. रविवारी आईचा फोन आला, स्पीकरवर आम्ही ऐकतोय.

‘‘काय जेवलास?’’

‘‘ब्रेड, चीज.’’

‘‘तब्येत कशी आहे?’’

‘‘एकदम ठीक.’’

‘‘हे काय? पूर्ण वाक्यात बोल.’’

‘‘परीक्षेची तयारी.’’

आई एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला,

‘‘पास हो.’’