सम्राटांचा हात धरायचा नसतो

फुसाए : अहो, पुन्हा! मला सम्राट समजायचं असं आत्ताच ठरलं होतं ना? पुन्हा हात पुढे केलात!

तेत्सुओ : कुठे केला?

फुसाए : एक नाही, दोन्ही केलेत. माझा हात अजून तुमच्या मुठीत आहे. सोडा.

तेत्सुओ : अगं, समोर माणूस दिसला की आपोआप जातात ते. तीस वर्षं निवडणुका लढवतोय. गेल्या खेपेला कापडदुकानातल्या पुतळ्याशीही हात मिळवला होता मी.

फुसाए : आणि वर त्याच्या बायकोची चौकशी केलीत!

तेत्सुओ : हसू नकोस गं. सकाळी पंतप्रधानांचा फोन आला तेव्हा आनंदानं उडी मारली, आता या हातांचीच धास्ती वाटतेय. गाडी येईलच इतक्यात. राजवाड्यात जायचं, वाकायचं, पंतप्रधानांच्या हातून नेमणुकीचा कागद घ्यायचा, सम्राटांपुढे उभं राहायचं. ते दोन शब्द बोलतील. पुन्हा वाकायचं आणि पाठ न दाखवता मागे सरकायचं. एवढंच. पण मी त्यांचा हात धरला तर?

फुसाए : तर दुपारी शेतीमंत्री, संध्याकाळी माजी शेतीमंत्री.

किनू : सूनबाई, माझ्या लेकाला घाबरवू नकोस. आधीच त्या शेपटीच्या कोटात तो पाकोळीसारखा दिसतोय.

तेत्सुओ : आई, तू तरी थट्टा करू नकोस.

किनू : बरं, एक सांग. तुला मंत्री कुणी केलं?

तेत्सुओ : पंतप्रधानांनी.

किनू : मग सम्राटांपुढे कशाला?

तेत्सुओ : त्यांच्या मान्यतेशिवाय नेमणूक पुरी होत नाही.

किनू : आणि ते म्हणाले, ‘हा कुरामोचींचा तेत्सुओ? याला भाताची लावणी तरी येते का?’ तर?

तेत्सुओ : तसं म्हणता येत नाही त्यांना. राज्यघटनेतच आहे. मान त्यांचा, कारभार आमचा.

किनू : अगबाई, म्हणजे माझ्यासारखंच की! या घरात ठरवता तुम्ही दोघं, आणि मग माझ्यापुढे येऊन विचारता, ‘आई, चालेल ना?’

फुसाए : तुम्ही कधी ‘नाही’ म्हणालाच नाहीत, आई.

किनू : म्हणून तर घर चाललंय.

तेत्सुओ : मग तूच हो सम्राट. फुसाए, तू पंतप्रधान.

किनू : छे छे, जीभ आवर! आमच्या शाळेत सम्राटांच्या फोटोचं कपाट उघडायचे, तेव्हा आम्ही पोरी माना खाली घालून उभ्या. मी एकदा हळूच वर बघितलं, तर किती दिवस वाटत होतं, आता डोळे जाणार.

फुसाए : गेले का?

किनू : सुई ओवते अजून.

फुसाए : मग काय भीती? उभ्या राहा अशा इथे.

किनू : बरं बाई. ये रे आत.

(तेत्सुओ वाकतो, फुसाएकडून वर्तमानपत्राचा कागद घेतो आणि आईसमोर ताठ उभा राहतो.)

किनू : काम मोठं आहे. कष्ट पडतील तुम्हांला.

फुसाए : अहो, हात! गेले की परत!

तेत्सुओ : नाही जमत माझ्याच्यानं. आणि गाडी आली बघ खाली. फुसाए, माझे हात बांधूनच पाठव.

किनू : थांब. मागे नको घेऊस ते. गावात कुणाचा हात सोडला नाहीस तू. मासळीबाजारात धरलेस, विरोधकांच्या मंडपात जाऊन धरलेस. माझा कधी धरलास?

तेत्सुओ : तुझा कशाला धरू? तू तर घरची.

किनू : घरची असले तरी दर खेपेला रांगेत उभी राहून मत देते. धर आता. होऊ दे हौस पुरी, मग तिकडे गप्प राहतील.

तेत्सुओ : आई… किती खरखरीत आहेत गं तुझे हात.

किनू : भातशेतीत गेले ते. शेतीमंत्री होतोयस ना? नीट बघून जा.