दिसलं आणि वाटलं

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील प्राचार्य व पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या आई आणि थोरले बंधू, आणि मागे चहाकडे डोळे लावून बसलेल्या मित्रांनो,

मी तत्त्वज्ञान शिकवतो, बाई मानसशास्त्र. आमचे वर्ग भिंतीला भिंत लावून. मानसशास्त्र ही खरं तर आमच्याच घरची लेक. ‘ज्ञान येतं ते अनुभवातून, आधी बघा, मग बोला’ असं सांगणाऱ्या अनुभववादाचा हात धरून ती घराबाहेर पडली आणि प्रयोगशाळेत सुखाने नांदू लागली. माहेरची आठवण? तिला येते की नाही, देव जाणे!

बाईंच्या फळ्यावर कायम मधोमध एक उभी रेघ असे. एका बाजूला ‘दिसलं’, दुसऱ्या बाजूला ‘वाटलं’. विद्यार्थिनी म्हणाली, “मूल चिडलं होतं,” की बाई विचारत, “ते तुला वाटलं. दिसलं काय?” “खेळणं फेकलं.” “मग तेवढंच लिही.” यावरून मी त्यांच्याशी किती वाद घातले! माणसाचं मन काय फेकलेल्या खेळण्यांत मावतं?

आता जे सांगणार आहे, ते बाईंच्या परवानगीने. मध्यंतरी त्यांच्या आईंची स्मरणशक्ती गेली. बोलणंही थांबलं. दादा, म्हणजे बाईंचे बंधू, म्हणाले, “ती कुणालाच ओळखत नाही. दूरच्या शुश्रूषागृहात ठेवली काय नि घरी ठेवली काय, तिला काय फरक पडतो?” दादा दुष्ट नव्हते, थकले होते. बाई मात्र अडून बसल्या. “ओळखत नाही, हे तुला वाटलं. आधी बघू या.”

आणि मंडळी, त्या घरात चक्क प्रयोग झाला! आईंना खिडकीकडे तोंड करून बसवलं. एकेकाने मागून, न बोलता, केस विंचरायचे. परिचारिकेने विंचरले, आई स्तब्ध. वहिनींनी विंचरले, तरी स्तब्ध. बाईंनी कंगवा लावला तेव्हा मान हलकेच डावीकडे कलली. शेवटी दादा. त्यांनी जन्मात कुणाची वेणी घातली नसावी. कंगवा गुंत्यात अडकला. आई वळल्या, तो हातातून काढून घेतला, दादांचं डोकं खाली ओढलं आणि भांग पाडू लागल्या. त्या डोक्यावर आता विंचरण्याजोगं फारसं काही नाही, दादा, रागावू नका! दादा तिथेच जमिनीवर बसून रडले. शुश्रूषागृहाचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी बाईंना विचारलं, “म्हणजे आईंनी ओळखलं तर!” मला वाटलं, आज तरी या हो म्हणतील. बाईंचे डोळे भरले होते. म्हणाल्या, “कंगवा घेतला, भांग पाडला. मला एवढंच दिसलं. पुढचं तुमच्या विषयाचं.” त्या दिवसानंतर मी त्या रेघेवरून वाद घातला नाही.

उद्यापासून शेजारच्या वर्गात बाई नसतील. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होणार आहे.

बोलता बोलता माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. दादांचा भांग आज वाकडा आहे. कुणी पाडला, ते मी पाहिलेलं नाही. पण ‘वाटलं’च्या बाजूला मला एक नाव लिहायचं आहे, बाईंनी आज तेवढी मुभा द्यावी. माझं काही चुकलंमाकलं असेल तर तेही त्याच बाजूला लिहून पुसून टाका. इतका वेळ ऐकून घेतलंत, सगळ्यांचा आभारी आहे.