ताईंची गाडी कुलपात आहे

जय भीम. नमस्कार.

आत बसलेल्या मंडळींना एक विनंती आहे. खुर्च्या जरा दाराकडं वळवून घ्या. मी खाली आहे, अंगणात. मघाशी चार जण मला न्यायला आले होते. "चला दत्ताभाऊ, पायऱ्यांवरनं उचलून वर घेतो तुम्हाला." मी म्हटलं, नको. माइक खाली आणा. वायर पुरली, म्हणून मी इथून बोलतोय. तुम्हाला मान वळवून ऐकावं लागेल. आम्ही रोज वळवतो, एक दिवस तुम्ही वळवा.

मला नीट बोलता येईल का नाय, माहीत नाय. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. 'डिस्प्ले गेलाय' आणि 'संध्याकाळी या', दिवसभराचं माझं बोलणं एवढंच. आणि सुरेखाताईंचा फोटो असा हार घालून समोर ठेवलाय, त्याच्याकडं बघितलं की तेही सुचत नाय. पण मघापासून या माइकवरनं जे बोललं गेलं, ते ऐकून गप बसवत नाय. म्हणून बोलतो.

ज्यांना ताई ठाऊक नव्हत्या, त्यांच्यासाठी सांगतो. सुरेखा साळवे मॅडम शाळेत भूगोल शिकवायच्या. भिंतीवरच्या नकाशातला डोंगर त्यांना पटायचा नाय. थंडी पडली की पोरींना घेऊन दौलताबादच्या पलीकडच्या टेकड्यांवर जायच्या. दगड हातात द्यायच्या, ओढा कुठनं निघतो ते चालत जाऊन दाखवायच्या. मग एका संध्याकाळी शाळेतनं येताना मागून टेम्पोनं त्यांच्या स्कूटीला धडक दिली. कमरेखालचं अंग गेलं. नोकरी कशीबशी टिकली, तळमजल्यावरचा वर्ग मिळाला. टेकड्या तेवढ्या सुटल्या.

माझं तर काय सुटायचं होतं? मला लहानपणीच पोलिओ झाला. लासूर स्टेशनच्या बाजारात आई मला कडेवर घेऊन फिरायची, मोठा झालो तशी पाठीवर घेऊन. पुढं ही तीनचाकी स्कूटर आली. डांबर आहे तिथपर्यंत मी राजा. डांबर संपलं की राज्य संपलं.

ताई एकदा दुकानावर मोबाईल घेऊन आल्या. पायरीमुळं आत येता येईना, म्हणून मीच सरकत बाहेर गेलो. मोबाईल माझ्या हातात दिला आणि विचारलं, "दत्ता, मातीवर शेवटचा कधी गेलास?"

मी म्हटलं, "ताई, मी आपला रोडनं जातो."

"रोड सोडून विचारतेय."

मी लई वेळ आठवत बसलो. मग म्हटलं, "नाय बा. कधीच नाय."

त्या मोबाईल ठेवून निघाल्या. त्याचं काय झालं, ते नंतरही विचारलं नाय. पुढच्या आठवड्यात शकीलभाईंना घेऊन आल्या. शकीलभाई शेंद्र्याच्या कारखान्यांत शेडचं वेल्डिंग करतात. आज आलेत, ते बघा, गेटपाशी उभे आहेत. वर बसा म्हटलं तर "इथंच बरं" म्हणाले.

त्या दोघांनी मिळून गाडी केली. एकच चाक, मधोमध, मोटरसायकलचं. त्यावर खुर्ची. पुढं दोन दांडे, मागं दोन दांडे. एकानं पुढनं ओढायचं, एकानं मागनं तोल धरायचा, चढ आला की बाजूंनी दोर लावून आणखी दोघांनी जोर द्यायचा. एक चाक कशाला? कारण पायवाट तेवढीच असती. शेळी जाईल तिथनं ही गाडी जाती.

पहिली गाडी पार फसली. शकीलभाई म्हणाले, "मॅडम, ये तो बैलगाडी से भी गई-गुजरी बनी." ताई म्हणाल्या, "भाई, बैलगाडीत झोप तरी लागते. पुन्हा करा." पुन्हा केली. मग गादीवर अडलं. ज्याला खालचं अंग कळत नाय, त्याला टोचलेलंही कळत नाय. जखम होती आणि माणूस हसत गप्पा मारत असतो. म्हणून हवेची गादी आणली. वाटेत दर थोड्या वेळानं गाडी थांबवून बूड हलवायचं, असं ताईंनी ठरवून टाकलं. ही गादीची गोष्ट ध्यानात ठेवा. मी परत येणार आहे तिच्याकडं.

आणि एक नियम केला. गाडीत बसणारा 'चला' म्हणेल तेव्हा चालायचं, 'थांबा' म्हणेल तेव्हा थांबायचं. ओढणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एक पाऊल टाकायचं नाय. हात ओढणाऱ्यांचे, तोंड बसणाऱ्याचं.

ओढणारी पोरं या तुमच्या डोंगर चढणाऱ्या मंडळाचीच होती. खोटं नाय बोलणार. जीव लावून ओढायची.

पहिल्या दिवशी सगळे टेकडीच्या पायथ्याशी जमलो. मला वाटलं, ताई बसतील. त्या म्हणाल्या, "दत्ता, तू बस. मी वर जाऊन आलेली आहे. तू नाहीस." आणि स्वतः खाली बाभळीच्या सावलीत थांबल्या.

अर्ध्या वाटेत मोकळी जागा लागली. एक पोरगा म्हणाला, "काका, इथं भारी आहे. फोटो काढू, आणि इथनंच फिरू का माघारी?" दुसरा त्याला म्हणाला, "आपण नाय ठरवायचं. काका सांगतील." आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे. मंडळी, मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं की कुठं थांबू. लोकांनी जिथं ठेवलं तिथं मी राहिलो. लग्नात कोपऱ्यात ठेवलं, कोपऱ्यात. एस्टी स्टँडवर खांबाला टेकवलं, खांबाला. मी म्हणालो, "चला."

वर काय होतं? काही नाय. वाळलेलं गवत, वारं, शेळ्यांच्या लेंड्या. आणि समोर देवगिरी. पण मी रोडवरनं बघतो तो नाय. त्याची पलीकडची बाजू. किल्ल्याला पाठ असती, हे मला चाळिशीत कळलं. मी तिथं रडलो. सांगायला लाज नाय वाटत.

खाली आल्यावर ताईंनी विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "किल्ल्याची पाठ." त्या हसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं भूगोल शिकवला, एकाही पोरीनं असं उत्तर दिलं नाही."

मग त्या वर जाऊन आल्या. मग बाकीचे जाऊन आले. कुणाचे पाय मशीनमध्ये गेलेले, कुणाला जन्मापासून उभं राहता येत नाय. रविवार आला की टेकडीखाली तीनचाकी स्कूटरांची रांग लागायची. जवळचे गुराखी आम्हाला नावानं हाक मारायला लागले.

आणि मग मंडळाला वाटलं, आता उद्घाटन करावं.

मी विचारतो, कशाचं उद्घाटन? गाडी झिजून तिचं टायर बदलायला आलं होतं. पण मांडव पडला. रिबन आली. पाहुणे स्टेजवर आणि स्टेजला पायऱ्या. ताईंचा सत्कार स्टेजच्या खाली झाला. पाहुणे वाकून शाल घालत होते, आणि फोटोवाला ताईंना म्हणत होता, "मॅडम, जरा वर बघा." गाडीवर देणगीदारांची नावं चिकटवली. वर फलक लावला, 'प्रेरणा'. ताई मला हळूच म्हणाल्या, "यांना प्रेरणा मिळाली वाटतं. मला जादाचं टायर पाहिजे होतं."

त्यानंतर एका रविवारी गाडी कलली. बसलेल्या पोराचं कोपर खरचटलं. तो हसत होता. उतरल्यावर म्हणाला, "पुढच्या वेळी परत मीच." पण बातमी इथं वरच्या खोलीत पोचली. कार्यकारिणीची बैठक बसली. वरच्याच खोलीत. आम्हाला बोलावलं नाय, आणि बोलावलं असतं तरी काय, पायऱ्या त्याच. तुमच्यातला एखादा डोंगरावर पडला, खरचटला, तर तो दुसऱ्या दिवशी फोटो टाकतो, लोक त्याला वाघ म्हणतात. आम्हाला खरचटलं की बैठक बसती.

ठरलं काय? जबाबदारी कोण घेणार, हे ठरेपर्यंत गाडी बंद. गाडी ताईंच्या घरात मावत नव्हती, म्हणून पहिल्यापासून ती इथंच असायची. माझ्या मागं ही पत्र्याची खोली आहे ना, हिच्यात. तिला कुलूप लागलं. चावी वर अध्यक्षसाहेबांच्या कपाटात गेली.

ताईंनी फोन केले. "मॅडम, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे." "पावसाळा होऊ द्या." "दिवाळी होऊ द्या." "साहेब बाहेरगावी आहेत." ताई त्यांना म्हणाल्या, "माझ्या जिवाची जबाबदारी माझी आहे. मी शिक्षिका आहे, मला कळतं मी काय बोलतेय." पलीकडनं उत्तर काय, तर "मॅडम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

कुणी वाईट नव्हतं. हेच तर मला जास्त टोचतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. इथं सगळे आमची काळजी करत होते.

आई, म्हणजे ताईंच्या आई, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात. काल तुम्ही मला जे म्हणालात ते मी सांगतो, रागावू नका. आई म्हणाल्या, "गाडी फिरत होती तवर सुरेखाला भूक लागायची. रविवारी फिरून आली की बडबड बडबड. नंतर भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. कूस बदल म्हणलं तर म्हणायची, कशाला." आईंचं वय झालंय. त्या किती वेळा कूस बदलवणार?

गादीची गोष्ट ध्यानात ठेवा म्हटलं होतं. पाठीला जखम झाली. ताईंना ती कळलीच नाय. कळली तेव्हा आतपर्यंत गेलेली. डॉक्टर म्हणाले, विष रक्तात गेलं. घाटी दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता.

कुलपानं त्यांना मारलं, असं मी म्हणत नाय. मी डॉक्टर नाय, आणि आमच्यासारख्यांना ही जखम केव्हाही होऊ शकती. पण एवढं म्हणतो. सगळे ज्याला भ्याले, त्या डोंगरानं ताईंना काही केलं नाय. ओढ्यानं नाय, दगडानं नाय, उतारानं नाय. त्या घरात गेल्या. पंख्याखाली. मऊ गादीवर. पूर्ण सुरक्षित.

आता मघाशी इथं काय जाहीर झालं? ताईंच्या नावानं साहस पुरस्कार. टाळ्या झाल्या नाहीत, शोकसभा आहे म्हणून, नायतर झाल्या असत्या. आणि ती गाडी घासूनपुसून, रंग देऊन, वर हॉलच्या दर्शनी भागात काचेत ठेवणार म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला. वर. म्हणजे ज्यांच्यासाठी ती केली, त्यांना आता ती बघायलाही मिळणार नाय.

अध्यक्षसाहेब, तुम्ही मोठे आहात, मंडळ तुम्ही वाढवलंत. पण पुरस्कार नको. काच नको. रंगही नको. चावी द्या.

शकीलभाई टायर घेऊन आलेत. ते गेटपाशी उगाच नाय उभे, टायर त्यांच्या पायाशी आहे. मघाशी मला म्हणाले, "दत्तू, मैं इधरीच रुकता. खोली उघडली की टायर बदलतो, मगच घरी." रविवारी टेकडीवर कोण बसणार, तेही ठरलंय. शाळेतली एक पोरगी आहे, ताईंची विद्यार्थिनी, व्हीलचेअरवर. ताईंनी तिला तोंडी सांगितलं होतं, पुढची पाळी तुझी. ती तेव्हापासून वाट बघतीय. आज आलीय. तीही खालीच आहे, माझ्या बाजूला. तिला किल्ल्याची पाठ बघायचीय.

आता शेवटचं. सूत्रसंचालकांच्या हातात कागद आहे, त्यांना आता म्हणायचंय की दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू. मागं एका शोकसभेला मी आणि ताई गेलो होतो. सगळे उभे राहिले आणि आम्हाला दोघांना नुसत्या लोकांच्या पाठी दिसायला लागल्या. फोटो दिसेना, हार दिसेना. ताई हळूच म्हणाल्या, "दत्ता, आपण बहुतेक शोक करत नाही आहोत."

म्हणून आज कुणी उभं राहायचं नाय. जे उभे आहेत त्यांनीही बसा. दारातले, व्हरांड्यातले, पायऱ्यांवर बसा. जमिनीवर बसा. आज सगळ्यांना फोटो दिसू द्या.

आणि शांत राहा. किती वेळ ते मी सांगत नाय. नियम ताईंचा आहे, बसणारा 'चला' म्हणेल तेव्हाच हलायचं. फक्त एका माणसाला उठायची मोकळीक आहे. अध्यक्षसाहेब, तुम्हाला. कपाट उघडा, चावी घ्या, पायऱ्या उतरा आणि या पोरीच्या हातात ठेवा. ती 'चला' म्हणेल.

ताई, जय भीम.

आता सगळे थांबा.