आईचं मरण कोणाकडे लिहिलं

त्या दवाखान्यात मरणं कमी झाली म्हणून बक्षीस मिळालं, हे कौतुक मला सांगूच नका. माझी आई तिथंच होती. "माले घर लई चाल," मला घरी ने, एवढंच म्हणायची. डॉक्टर म्हणाले, "धुळ्याला न्या, वाचेल." मी आईवरच खेकसले, "गप पड, बरी होशील."

धुळ्याच्या वाटेवर, सोनगीरजवळ गाडीतच ती गेली. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, जगणार नाही असा पेशंट ते पुढंच पाठवतात. त्यांच्याकडं मेला तर त्यांचं बक्षीस जातं ना."

"फिरव गाडी!"

आईला परत त्याच खाटेवर निजवलं आणि सिस्टरला म्हटलं, "हे मरण तुमचं आहे. लिहा."

सिस्टरनं डोळे पुसले आणि लिहिलं, "दवाखान्यात आणण्यापूर्वीच मयत."