पाय काढला की मेली

…म्हणजे पुन्हा हातोडाच! तुम्हाला सांगते, आमच्या घरातल्या पुरुषांना देवानं दोन हात दिले ते एकात हातोडा धरायला आणि दुसऱ्यात समोरच्याची गचांडी. गाडी बंद पडली की आधी गाडीला बडवायचं, मग एकमेकांना, आणि दोन्ही करून दमले की मला विचारायचं, भात झाला का?

तर गाडी. जपानातनं निवृत्त होऊन आलेलं धूड, माझ्यापेक्षा वयानं मोठं. माझ्या नवऱ्यानं, सेल्सोनं, तिच्या कपाळावर लाल रंगात आईचं नाव रंगवून घेतलं, ‘डोन्या नेनिता’, म्हणजे नेनिताबाईसाहेब. आईवर भारी माया! पण त्यानं झालं काय, सासूबाई अंगणात मका सोलत बसलेल्या असतात आणि त्यांचे दोन्ही लेक त्यांच्याच नावानं बोंबलतात, “ऊठ गं नेनिते, चाल, नाहीतर कायमची मर!” आणि वर घण. सासूबाईंची चप्पल दिवसातनं दोनदा तरी हवेत असते.

दुखणं म्हणाल तर एकच. रेस दिली की जिवंत, पाय काढला की मेली. चढावर कोबीची पोती घेऊन हत्तिणीसारखी जाते, आणि जरा थांबलं, जरा पाय उचलला, की खक, खक, संपलं. आणि इंजिन मेलं की ब्रेक दगड होतो हो! दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी हलत नाही. आणि आमचा बाजाराचा रस्ता मांगिमाच्या घाटातनं. तुम्ही पाहिलाय तो घाट? नका पाहू. गेल्या महिन्यात मी आणि माझी पाच महिन्यांची लेक इनिंग पुढंच बसलो होतो, वळणावर सेल्सोनं पाय काढला, आणि मेली. नुसत्या उताराच्या जोरावर आम्ही खाली. एका बाईच्या अननसाच्या दुकानात घुसलो म्हणून वाचलो. साठ-सत्तर अननस फुटले, रसानं काच भरली, आणि ती बाई कोयता घेऊन सेल्सोच्या मागं, सेल्सो गाडीभोवती, तीन फेऱ्या! मी आत इनिंगला छातीशी धरून. त्या दिवसापासनं माझं दूध आटलं. म्हणून पोरीला बाटली. आणि सेल्सो एकटा जातो तेव्हा तो परत येईपर्यंत मी दारातच.

बरं, दुरुस्ती करायची पद्धत ऐका. गाडी बंद पडली की पहिलं काम, टाकीचं झाकण उघडायचं. कारण डिझेल किती आहे ते सांगणारा काटा जपानातच मेलेला. कुणीही येवो, दीर येवो, शेजारी येवो, पाद्री येवोत, आधी झाकण उघडणार, काठी घालणार, “डिझेल तर आहे” म्हणणार, आणि झाकण दोन्ही हातांनी पिळून घट्ट लावणार. मग उपचार.

धाकटा दीर रुफो म्हणाला, पंप. हातोडा घेतला, पंपावर सहा घाव. किल्ली फिरवली, चालू! अर्धा तास मांजरासारखी गुरगुरत उभी. रुफो छाती काढून गल्लीत. आणि मग? खक, खक. मेली.

सेल्सो म्हणाला, फिल्टर. झाकण उघडलं, काठी, डिझेल तर आहे. फिल्टरला लाथा. चालू! सेल्सोची छाती पुढं. अर्ध्या तासानं मेली.

मग नोंग पिदियो आले, म्हणजे आमचे पिदियोदादा. तीन गावांत त्यांच्यासारखा मेस्त्री नाही, हाताची बोटं आठ, उरलेली दोन कुठल्या इंजिनात आहेत ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, “दाय, इंजिनाला भीती दाखवावी लागते.” दाय म्हणजे पोरी, मला म्हणाले हे, जसं काही मीच त्याला लाडावलं होतं. झाकण उघडलं, काठी, डिझेल तर आहे. मग स्लोचा स्क्रू, म्हणजे पाय काढल्यावरची चाल ठरवणारा, तो पिळला, मग पाना फेकून मारला. पाना इंजिनावरनं उडाला तो सरळ शेजाऱ्यांच्या डुकरिणीला लागला, डुकरीण कुंपण तोडून बाहेर, शेजारी काठी घेऊन बाहेर. पण गाडी चालू! अर्धा तास.

आता तुम्हीच सांगा, तिघांचाही उपचार लागू पडलेला, मग तिघं एकमेकांचं ऐकतील का? रुफो म्हणे पंप, सेल्सो म्हणे फिल्टर. रुफोच्या हातात जॅकचा दांडा, सेल्सोच्या हातात पाना. रुफोचा एक दात गेला, सेल्सोचा कान फाटला, सोडवायला गेलेल्या नोंग पिदियोंना दोघांनी मिळून धुतलं. आणि गाडी? रेस दिली की जिवंत, पाय काढला की मेली.

शेवटी सासूबाई उठल्या. दोघांना झाडूनं झोडलं, आणि शांतपणे म्हणाल्या, “गाडीला रक्त कमी पडलंय.”

आमच्याकडे नवी गाडी आली की कोंबडी कापून तिच्यावर रक्त लावतात, म्हणजे ती पुढं माणसाचं मागत नाही. तीन महिन्यांमागं आम्हीही लावलं होतं. चाकांना, पुढच्या पट्टीला, आणि सासूबाईंनी स्वतः टाकीच्या झाकणावर, कारण ते गाडीचं तोंड. पण कोंबडी होती मरतुकडी. सासूबाई म्हणाल्या, “तिचं पोट भरलं नाही. आपण दिलं नाही तर ती स्वतः घेईल.” आणि बघितलं कुठं? माझ्या मांडीवरच्या इनिंगकडं! मी तिला दोन्ही हातांनी झाकलं.

आणि मागितला कोणता कोंबडा? सेल्सोचा तांबडा, झुंजीतला, सहा जणांना मारून आलेला. त्याला सेल्सो स्वतःच्या हातानं अंडं भरवतो, मला कधी पाणी दिलं नाही! सेल्सो म्हणाला, “आई, त्यापेक्षा रुफोला काप.” परत दांडा, परत पाना.

हा गोंधळ चालू, गाडी अंगणात गुरगुरत उभी, मी पायरीवर इनिंगला बाटली पाजतेय. पोरगी ओढतेय, ओढतेय, रबरी बूच चपटं होऊन आत गेलं, दूध येईना, आणि तिनं टाहो फोडला. रोजचंच आहे, बुचाचं हवेचं भोक सायीनं बुजतं. मी बाटलीचं कडं जरा सैल केलं. स्स्स, हवा आत. पोरगी परत प्यायला लागली. आणि त्याच वेळी तिकडं खक, खक, मेली! रुफोनं सवयीनं झाकण फिरवलं आणि तिकडनंही, स्स्स.

तोच आवाज, तुम्हाला सांगते!

मी म्हटलं, “अहो, हिला हवा मिळत नाहीये. ओढून ओढून दमते, जोर लावला तर पिते, जोर सोडला की…” सेल्सो फाटक्या कानावर फडकं धरून म्हणाला, “अगं, ती गाडी आहे, तुझी दुधाची बाटली नाही.” नोंग पिदियो हसले, सुजलेल्या ओठांनी. आणि आईपुढं सेल्सोचं काही चालेना, सगळे गेले तांबड्याला पकडायला.

मी झाकण हातात घेतलं. मधोमध एवढंसं भोक, आणि त्यात काळं, वाळून दगड झालेलं काहीतरी. त्या मरतुकड्या कोंबडीचं रक्त! इनिंगच्या झबल्याला नजर लागू नये म्हणून लाल मण्याची टाचणी लावलेली असते, ती काढली, भोक कोरलं, फुंकर मारली, आरपार दिसलं. झाकण लावलं. इनिंगला काखेत धरून आत चढले, किल्ली फिरवली, आणि पाय काढला.

नाही मेली.

पण तुम्हाला सांगते, अगदी त्याच क्षणी घरामागं तांबडा मेला. सुखासुखी नाही मेला, रुफोची मांडी फाडून, नोंग पिदियोंचं नाक फोडून मेला. आणि सगळे रक्तानं माखून पुढं येतात तो काय, गाडी आपली गुरगुरतेय! भात शिजला, जेवणं झाली, रुफोच्या मांडीला टाके पडले, तरी गुरगुरतेय. सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. सेल्सो एका डोळ्यानं कोंबड्यासाठी रडतोय, एकानं हसतोय. मी म्हटलं, “अहो, ते भोक…” नोंग पिदियो म्हणाले, “दाय, भोक तीन महिने होतंच की. नवीन काय झालं? रक्त.”

बोला आता!

आणि मग सासूबाई वाडगा घेऊन आल्या. चाकांना लावलं, पट्टीला लावलं, आणि झाकणापाशी थांबून म्हणाल्या, “तोंडाला जरा जास्त लावते, पोटभर.” आणि सारवलं. बोटानं. भोकावर.

आता सेल्सो रोज घाट उतरतो. नोंग पिदियो दुसऱ्यांच्या गाड्या बघायला जाताना हातोड्याबरोबर कोंबडा नेतात. सासूबाईंनी नेम ठरवलाय, दर महिन्याला ताजं रक्त, आणि सगळे म्हणतात, काय गुण आला! मी म्हणते, आला बाई. आणि रोज सकाळी सेल्सो कॉफी पितोय तेवढ्यात, इनिंगची ती टाचणी, आता माझ्या केसांत खोचलेली, काढून, मी गाडीचं तोंड धुते.