दोघांच्या बुडाखालचं घोडं

तंबूतल्या सिनेमाला आमच्या मामाला नेऊ नये, हे मी अनसिंगच्या जत्रेत शिकलो. मामा गुरांच्या बाजारातला माणूस. जनावर दिसलं की आधी त्याच्या अंगावरचे, कपाळावरचे केसांचे भोवरे पाहणार. पडद्यावर नायकाने एकट्याने वीस जण लोळवले, मामाने टाळ्या वाजवल्या. नायकाने किल्ल्यावरून उडी टाकली, मामाने शिट्टी मारली. मग दरोडेखोर घोड्यावरून पळाला आणि नायक दुसऱ्या घोड्यावरून त्याच्या मागे लागला.

मामा ताडकन उठला. "थांबवा! दोघायच्या बुडाखाली एकच घोडं हाय! कपायावरचा भोवरा पाहा!"

तंबूवाला धावत आला. "मामा, खाली बसा. आता तो त्याले पकडते."

"डोंबलं पकडते! एकाच दावणीचे हायत दोघं. त्यायच्या घरच्या भांडणात आपन कायले पडावं? चाल रे!"